लेस आपोआप आवळणारे बूट चार्ज होत नाहीत? आधी डावा-उजवा बदलून बघा

बटण दाबलं की सोलमधली मोटर फिरते, दोरी ओढली जाते आणि बूट पायावर घट्ट बसतो. असा जोड चार्जिंगला लावला आणि दिवाच लागला नाही, की बहुतेक जण तिथल्या तिथे निकाल देतात: बॅटरी गेली. माझ्याकडे असे बूट दुरुस्तीला येतात तेव्हाही सोबत हेच वाक्य येतं. बॅटरी कधीकधी खरंच गेलेली असते. पण त्याहून जास्त वेळा दोष बुटाच्या बाहेर सापडतो: केबलमध्ये, अडॅप्टरमध्ये, चार्जिंगच्या मॅटवर (बूट वर ठेवला की बिनतारी चार्ज करणाऱ्या पट्टीवर) बूट ठेवण्याच्या पद्धतीत. म्हणून मी ज्या क्रमाने तपासते तो क्रम इथे लिहिते आहे. फुकटच्या तपासण्या आधी, पैसे लागतील त्या नंतर, आणि सोल उघडायची वेळ आली की थांबायचं.

लक्षणं

"चार्ज होत नाही" या एकाच तक्रारीखाली बरेच वेगवेगळे दोष येतात. तुमचा कोणता, ते आधी ठरवा.

- दोन्ही बुटांवर एकही दिवा लागत नाही.
- एक बूट चार्ज होतो, दुसरा ढिम्म.
- दिवा लागतो, काही सेकंदांत विझतो, पुन्हा लागतो.
- रात्रभर ठेवूनही चार्जिंगचाच रंग दिसतो, पूर्ण भरल्याची खूण येत नाही.
- पूर्ण भरल्याचं दिसतं, पण थोड्याच वेळा लेस आवळली-सोडली की बूट पुन्हा बंद.
- दिवे सगळे ठीक, मोटर मात्र हलत नाही.

शेवटचं लक्षण चार्जिंगच्या दोषाचं नाही. त्याबद्दल पुढे लिहिलंय, तोवर त्या बुटाचा चार्जर बदलण्यात पैसे घालू नका.

दिव्यांच्या रंगांचे अर्थ मॉडेलप्रमाणे बदलतात. माहितीपुस्तिका हरवली असेल तर कंपनीच्या मदत पानावर तुमच्या नेमक्या मॉडेलचा तक्ता शोधा. अंदाजाने रंग वाचल्यामुळे चांगला चालणारा बूट बिघडलाय असं समजून आणलेला मी पाहिलाय.

सगळ्यांत आधी हात फिरवा

काहीही जोडण्यापूर्वी बुटाच्या आत हात घालून तळवा चाचपा, मग बाहेरून सोल बघा. दोन्ही बूट सपाट जागेवर शेजारी ठेवा. एकाचा तळवा मध्येच उंच वाटतोय का, सोल आणि वरचा भाग यांच्या जोडावर नवी फट दिसतेय का, चार्जिंगला नसतानाही बूट कोमट लागतोय का, गोडसर किंवा थिनरसारखा वास येतोय का?

यातलं एकही उत्तर "हो" असेल तर पुढच्या तपासण्या तुमच्यासाठी नाहीत. बूट चार्जरपासून दूर ठेवा आणि थेट शेवटाकडचा "इथे थांबा" हा भाग वाचा. या बुटांमध्ये लिथियमची पातळ पिशवीवजा बॅटरी असते. आत वायू तयार झाला की ती फुगते आणि बुटात फुगायला जागा नसल्यामुळे दाब सोलवर येतो. फुगलेली बॅटरी चार्ज करणं धोक्याचं आहे.

डावा-उजवा अदलाबदल

सगळं ठीक असेल तर आता सर्वांत उपयोगी तपासणी. तिला पैसे लागत नाहीत आणि निम्मं निदान ती एकटीच करते. तरीही लोक ती सोडून फोनवरचं बुटाचं अ‍ॅप काढून पुन्हा टाकत बसतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

फोन किंवा घड्याळ बिघडलं तर तुलनेला दुसरं तसंच यंत्र हाताशी नसतं. बुटांचं तसं नाही. प्रत्येक बुटात स्वतंत्र बॅटरी, स्वतंत्र सर्किट आणि स्वतंत्र मोटर असते, आणि दोन्ही बूट एकाच वयाचे, एकाच वापरातले असतात. डाव्यात काय चुकलंय हे सांगणारा सर्वांत चांगला साक्षीदार म्हणजे उजवा.

चार्ज न होणारा बूट दुसऱ्याच्या जागी ठेवा आणि दुसरा याच्या जागी. चुंबकाने चिकटणारी केबल असेल तर दोन केबलींची अदलाबदल करा. मॅटवर डाव्या-उजव्याचे ठरलेले खाचे असतील आणि बूट उलट बसत नसतील, तर एका वेळी एकच बूट ठेवून बघा. आता दोष कुठे गेला?

दोष बुटाबरोबर गेला, म्हणजे तोच बूट दुसऱ्या जागीही चार्ज होत नाही, तर दोष त्या बुटात आहे. अडॅप्टर, वायर, मॅट सगळं निर्दोष ठरलं. दोष जागेवरच राहिला, म्हणजे आता दुसरा बूट चार्ज होईना, तर मॅटचा तो भाग किंवा ती केबल गेली आहे आणि तुमचे दोन्ही बूट चांगले आहेत. दोन्ही बूट कुठेच चार्ज होत नसतील तर जवळजवळ नेहमीच वीज मॅटपर्यंत पोचतच नसते. दोन बॅटऱ्या एकाच दिवशी मरणं फार दुर्मीळ. याला एकच अपवाद मला वारंवार दिसतो, तो म्हणजे महिनोन्‌महिने डब्यात पडून राहिलेला जोड. त्याकडे आता वळू.

बराच काळ पडून असेल तर वेळ द्या

बूट बंद दिसत असला तरी आतलं सर्किट पूर्ण झोपत नाही. पाय आत आला का हे बघणारा सेन्सर आणि फोनची वाट बघणारं ब्लूटूथ थोडीथोडी वीज खात राहतात. २०१९ मध्ये आलेल्या नायकी अ‍ॅडाप्ट बीबीसारख्या बुटातली बॅटरी साधारण ५०० मिलीअँपिअर-अवरची, म्हणजे आजच्या फोनच्या बॅटरीच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. एवढ्या लहान बॅटरीला काही महिन्यांचं दुर्लक्ष पुरतं.

लिथियमची बॅटरी पूर्ण भरलेली असताना ४.२ व्होल्टवर असते. ती साधारण २.५ ते ३ व्होल्टपर्यंत उतरली की संरक्षक सर्किट तिला तोडून टाकतं, जेणेकरून ती आणखी रिकामी होऊ नये. अशा बॅटरीला चार्जर लगेच पूर्ण प्रवाह देत नाही. आधी नेहमीच्या सुमारे दहाव्या भागाइतका बारीक प्रवाह देऊन व्होल्टेज हळूहळू वर आणतो आणि मगच खरं चार्जिंग सुरू होतं. या काळात बऱ्याच बुटांवर एकही दिवा लागत नाही. लोक दहा मिनिटं वाट बघतात, बूट हलवतात, उचलतात, पुन्हा ठेवतात, आणि प्रत्येक वेळी ती संथ सुरुवात पुन्हा पहिल्यापासून होते.

म्हणून बूट नीट ठेवा आणि तीन-चार तास हात लावू नका. घरात जागे असताना हे करा, मध्येमध्ये सोलवर हात ठेवून उष्णता बघा. हलका कोमटपणा चालतो. चटका बसण्याइतका गरम झाला तर लगेच काढा. एवढ्या वेळात दिवा लागला तर पूर्ण भरेपर्यंत तसाच राहू द्या. नाहीच लागला तर पुढच्या दोन तपासण्या करून, वीज खरोखर पोचते आहे याची खात्री झाल्यावर, आणखी एकदाच असा प्रयत्न करा. पुन्हापुन्हा नको. फार खोल उतरलेल्या बॅटरीत आतलं तांबं विरघळून नको तिथे जमतं आणि तिला जबरदस्तीने जागं केलं तर आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. चार्जर तिला नाकारतो तेव्हा त्यालाही तेवढंच सबळ कारण असतं.

अडॅप्टर, वायर आणि भिंतीवरचा सॉकेट

इथे मी जरा जास्त थांबते, कारण "दोन्ही बूट बंद" या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा इथेच मिळतं.

त्याच सॉकेटला दुसरं काही लावून तो चालू आहे ना बघा. मग त्याच अडॅप्टरला आणि त्याच वायरीला फोन लावा. फोन चार्ज झाला म्हणजे दोन्ही चांगले, असं मात्र लगेच धरू नका, कारण ही तपासणी एका ठिकाणी फसवते. हल्लीच्या अनेक अडॅप्टरना सी प्रकारचं (यूएसबी-सी) तोंड असतं आणि सोबत दोन्ही टोकांना सी असलेली वायर येते. असा अडॅप्टर समोरच्या यंत्रात ५.१ किलोओहमचा एक छोटा रेझिस्टर दिसेपर्यंत वीज सोडतच नाही. फोनमध्ये तो असतो. काही साध्या चार्जिंग मॅटमध्ये तो बसवलेलाच नसतो. परिणामी फोन छान चार्ज होतो आणि मॅट मेल्यासारखी पडून राहते. उपाय सोपा: जुन्या पद्धतीच्या, रुंद चौकोनी यूएसबी-ए तोंडाच्या अडॅप्टरला लावा. त्या तोंडावर ५ व्होल्ट कायम असतात, विचारणा होत नाही. मॅट बिघडली म्हणून आलेल्या जोडांपैकी काहींची "दुरुस्ती" मी फक्त अडॅप्टर बदलून केली आहे.

लॅपटॉपच्या पोर्टवर भरवसा ठेवू नका. जुन्या यूएसबी २.० पोर्टमधून ठरल्याप्रमाणे ५०० मिलीअँपिअर मिळतात, ३.० मधून ९००. बिनतारी मॅटवर दोन बूट ठेवले की तेवढ्यात भागत नाही. मॅट सुरू होते, ताण आला की व्होल्टेज पडतं, मॅट बंद होते, पुन्हा सुरू होते. दिवा लागतो-विझतो या लक्षणाचं हे अगदी नेहमीचं कारण. शिवाय लॅपटॉप झोपला की काही पोर्ट वीज देणं बंद करतात. बुटासोबत आलेला अडॅप्टर वापरा, तो नसेल तर निदान ५ व्होल्ट २ अँपिअर लिहिलेला चांगला अडॅप्टर घ्या.

पॉवर बँकेचा घोळ आणखी निराळा. समोरचं यंत्र फार कमी प्रवाह ओढतंय असं दिसलं की बऱ्याच पॉवर बँका, काम संपलं असं समजून, आपोआप बंद होतात. वर सांगितलेली बारीक प्रवाहाची सुरुवात त्यांना नेमकी तशीच दिसते. म्हणजे ज्या बुटाला विजेची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच पॉवर बँक वाऱ्यावर सोडते. पूर्ण रिकामा बूट नेहमी भिंतीवरच्या सॉकेटवरून जागा करा.

वायर बदलून बघणं तर आलंच. मॅटच्या तोंडाशी वायर वाकते, तिथे आतले तार तुटतात. हलवल्यावर दिवा लुकलुकला तर वायर फेकून द्या, चिकटपट्टी लावून वापरू नका.

मॅटवर बूट कसा बसतो

बिनतारी चार्जिंगमध्ये मॅटमधल्या तारेच्या गुंडाळीतून बुटातल्या गुंडाळीत चुंबकीय क्षेत्राच्या मार्गाने वीज जाते. 'ची' (Qi) नावाच्या ज्या मानकावर फोनचे बिनतारी चार्जर चालतात, त्यातली मूळ पद्धत साधारण १०० ते २०० किलोहर्ट्झच्या दरम्यान काम करते आणि दोन गुंडाळ्यांमध्ये काही मिलिमीटरचंच अंतर तिला झेपतं. बुटाच्या बाबतीत त्या अंतरात सोलची जाडी आधीच आलेली असते. वर चिखलाचा थर, सोलच्या खाचेत अडकलेला खडा किंवा मॅटवर घातलेलं कापड आलं की जोड तुटतो.

सोल कोरड्या ब्रशने साफ करा आणि खाचा टोकदार नसलेल्या काडीने मोकळ्या करा. मॅट कडक, सपाट जागेवर ठेवा, गालिच्यावर किंवा गादीवर नको. बूट ठेवून, दिवा दिसेपर्यंत, अगदी थोडाथोडा पुढे-मागे सरकवा आणि प्रत्येक जागी काही सेकंद थांबा, कारण मॅट ठरावीक अंतराने वर काही आहे का याची चाचपणी करते. ती चाचपणी होण्याआधीच बूट हलला तर योग्य जागाही चुकीची वाटेल. जागा सापडली की मॅटच्या कडेला छोटी खूण करून ठेवा.

मॅटवर आणि आसपास धातू आहे का तेही बघा. नाणं, किल्ली, टाचणी, सोलमध्ये घुसलेला खिळा यांपैकी काहीही चार्जिंग अडवू शकतं. परक्या धातूत वीज वाया जाऊन तो तापतो, म्हणून चांगली मॅट तो ओळखते आणि चार्जिंग थांबवते. खिळा सोलमध्ये खोल गेला असेल तर तो उपटू नका. तो बॅटरीपर्यंत पोचलाय का हे बाहेरून कळत नाही. तो बूट तसाच दुरुस्तीला न्या.

चुंबकी केबल आणि संपर्काच्या टिकल्या

नायकीच्या २०१६ मधल्या हायपरअ‍ॅडाप्ट १.० सारख्या आधीच्या बुटांना मॅट नव्हती. चुंबकाने सोलला चिकटणारी केबल होती. अशा रचनेत धातूला धातू टेकायला हवा आणि मध्ये घाम, धूळ, मीठ येतं. टिकल्यांवर पांढरट किंवा हिरवट थर दिसला तर चार्जिंग का थांबलं याचं उत्तर मिळालं असं समजा.

केबल विजेपासून काढा. कानाच्या काडीवर ९० टक्के किंवा त्याहून तीव्र आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब घेऊन बुटाच्या टिकल्या आणि केबलच्या पिना पुसा, चिकट घाण असेल तर मऊ टूथब्रश चालवा. अल्कोहोल पूर्ण उडेपर्यंत थांबा, मगच केबल लावा. पॉलिश पेपर किंवा खोडरबर घासू नका. टिकल्यांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो, तो निघाला की खालचा धातू काही आठवड्यांत पुन्हा गंजतो आणि मग साफ करूनही टिकत नाही. केबलच्या पिना स्प्रिंगवर असतात. एखादी आत अडकून राहिली असेल तर काडीने हलकेच दाबून सोडा, ती उसळून वर यायला हवी.

चुंबकावर लोखंडाचा कीस चिकटतो तो विसरू नका. तो दोन टिकल्यांना जोडून शॉर्ट करू शकतो. चिकटपट्टीच्या तुकड्याने टिपून काढा.

थंडी, उष्णता, ओल

चार्जिंग सर्किट बॅटरीचं तापमान मोजतं आणि साधारण ० ते ४५ अंश सेल्सिअसच्या बाहेर चार्जिंग होऊ देत नाही. उन्हात ठेवलेल्या गाडीतून किंवा कडक थंडीतून आणलेला बूट तासभर घरात राहू द्या आणि मग लावा. गोठणबिंदूखाली चार्ज केल्यास लिथियम धातूच्या रूपात साचतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं, म्हणून ही अडवणूक तुमच्या भल्याचीच आहे.

बूट भिजला असेल तर आतला तळवा काढा, कागद कोंबा, कागद ओला झाला की बदला आणि पंख्यासमोर दोन दिवस ठेवा. हेअर ड्रायर, हीटर, कडक ऊन यांपैकी काहीच नको: गोंद सुटतो आणि बॅटरी तापते. तांदळात पुरून ठेवल्याने काही साधत नाही, उलट कण आणि पिठूळ धूळ फटींत जाते. पूर्ण वाळेपर्यंत चार्जिंगला लावू नका. वॉशिंग मशीनमध्ये गेलेला बूट दिसायला कोरडा झाला तरी आतून कोरडा झालाय असं धरू नका, तो उघडून बघणाऱ्याकडेच द्यावा.

रीसेट, अ‍ॅप आणि न हलणारी मोटर

काही वेळा बॅटरी ठीक असते, सर्किटमधला प्रोग्रॅम अडकलेला असतो. बहुतेक मॉडेलमध्ये बटणं ठरावीक वेळ दाबून धरून रीसेट करता येतं. कोणती बटणं आणि किती वेळ, ते तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत बघा. रीसेट करताना बूट चार्जिंगवर ठेवा आणि पाय आत घालू नका.

चार्जिंगचा अ‍ॅपशी संबंध नाही. अ‍ॅप जोडलं जात नाही म्हणजे चार्ज नाही, असं होत नाही. उलट, चार्ज नाही म्हणून अ‍ॅप जोडलं जात नाही, असं मात्र होतं. नायकीने अ‍ॅडाप्टचं अ‍ॅप ऑगस्ट २०२४ मध्ये अ‍ॅप स्टोअरवरून काढून घेतलं, त्यानंतर नवा फोन घेतलेल्या अनेकांना बूटच बिघडला असं वाटलं. त्या बुटांची बटणं अ‍ॅपशिवायही लेस आवळतात आणि सोडतात. आधी बटण दाबून बघा.

दिवे लागतात पण मोटर गप्प, किंवा घरघर आवाज येतो आणि दोरी हलत नाही, तर ती दोरीची, गिअरची किंवा प्रोग्रॅमची भानगड आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये अ‍ॅडाप्ट बीबीच्या काही ग्राहकांचे बूट अँड्रॉइडवरून सॉफ्टवेअर अपडेट केल्यावर लेस आवळेनासे झाले होते. बॅटरीचा तिथे काहीच दोष नव्हता. अडकलेली मोटर मात्र पुन्हापुन्हा चालवू नका. अडकलेल्या अवस्थेत ती सर्वांत जास्त प्रवाह ओढते आणि बॅटरी भराभर उतरते.

मीटर लावून बघा

इथवर उत्तर मिळालं नसेल तर एक छोटं यूएसबी मीटर घ्या किंवा कुणाचं तरी मागून आणा. ते अडॅप्टर आणि वायर यांच्यामध्ये बसतं आणि व्होल्ट-अँपिअर दाखवतं. मला हे उपकरण फार प्रिय आहे, कारण बूट न उघडता आत काय चाललंय ते यावरून कळतं.

मॅट रिकामी असताना आकडा बघा. मग चांगला बूट ठेवा: प्रवाह स्पष्ट वाढायला हवा. आता बिघडलेला बूट ठेवा. प्रवाह रिकाम्या मॅटइतकाच राहिला तर बुटातली गुंडाळी किंवा सर्किट मॅटला उत्तरच देत नाहीये. थोडासाच वाढून तासन्‌तास तिथेच अडकला तर बॅटरी बारीक प्रवाहाच्या टप्प्यातून वर येत नाहीये, ती बहुधा संपली आहे. वाढतो, पडतो, वाढतो असं चाललं असेल आणि त्याच वेळी व्होल्ट ४.७ च्या खाली जात असतील तर अडॅप्टर किंवा वायर कमजोर आहे. व्होल्ट स्थिर आणि प्रवाहच नाचत असेल तर बुटाची जागा किंवा परका धातू पुन्हा तपासा.

नवी मॅट किंवा केबल विकत घेण्याआधी त्याच मॉडेलचा जोड असलेल्या कुणाच्या तरी मॅटवर तुमचा बूट ठेवून बघा. फोनचा बिनतारी चार्जर चालेल का, असं मला नेहमी विचारतात. एखाद्या बुटाला चालतोही, पण गुंडाळीची जागा जुळेलच असं नाही, आणि कंपनीने परवानगी दिली नसेल तर लक्ष ठेवून काही मिनिटांच्या चाचणीपलीकडे मी तो वापरणार नाही. जुन्या चुंबकी केबली आता मिळणं कठीण झालंय म्हणून काही जण साध्या यूएसबी वायरीची टोकं थेट टिकल्यांना टेकवतात. हे करू नका. कोणती टिकली धन, कोणती ऋण, आणि चार्जिंगचं नियंत्रण बुटात आहे की केबलच्या डबीत, हे माहीत नसताना थेट वीज दिली तर बॅटरीवर कोणाचाच अंकुश राहत नाही.

इथे थांबा

खालीलपैकी काहीही असेल तर घरचे प्रयत्न संपले:

- सोल किंवा तळवा फुगलाय, वास येतोय, चार्जिंगशिवाय गरम होतोय
- खिळा, काच किंवा टोकदार वस्तू सोलमध्ये खोल गेली आहे
- बूट पाण्यात पूर्ण बुडाला किंवा धुतला गेला
- अदलाबदल आणि मीटर दोन्ही सांगतायत की दोष बुटातच आहे
- पूर्ण चार्ज झाल्यावरही थोड्याच वापरात बंद पडतो, म्हणजे बॅटरी झिजली आहे

सोल स्वतः कापू नका. हे मी अगदी कळवळून सांगते आहे. इंटरनेटवर सोल उघडण्याचे व्हिडिओ सहज सापडतात, पण बॅटरी, मोटर आणि सर्किट तुमच्या टाचेच्या किंवा कमानीच्या खाली, गोंदाने बंद केलेल्या सोलमध्ये बसवलेले असतात आणि सुरीचं पातं कुठे थांबेल ते बाहेरून दिसत नाही. लिथियमच्या पिशवीला चीर गेली तर ती पेटू शकते, आग पुन्हापुन्हा भडकू शकते आणि निघणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखा विषारी वायू असतो. नीट उघडला तरी बूट पुन्हा पाणी अडवेल असा बंद करणं साध्या गोंदाने जमत नाही.

आधी वॉरंटी बघा आणि कंपनीच्या सेवा केंद्राशी बोला. वॉरंटी संपली असेल किंवा कंपनीने हात वर केले तर पिशवीवजा लिथियम बॅटरी बदलण्याचा अनुभव असलेला इलेक्ट्रॉनिक्स कारागीर शोधा. नुसता चांभार किंवा नुसता मोबाइल दुरुस्त करणारा पुरत नाही. दोघांनी मिळून काम केलं तर उत्तम होतं, एकाने सोल उघडून बंद करायचा आणि दुसऱ्याने आतलं बघायचं. त्यांना मॉडेलचं पूर्ण नाव, अदलाबदलीचा निष्कर्ष आणि मीटरवर दिसलेले आकडे सांगा. त्यांचा निम्मा वेळ वाचेल. दोन्ही बूट न्या, चांगलाही, कारण तुलना त्यांनाही लागेल.

लेस आवळलेल्या अवस्थेत बॅटरी संपली असेल आणि पाय आत अडकला असेल, तर दोरी कापण्यापूर्वी पुस्तिकेत हाताने सोडवण्याची सोय दिली आहे का ते पाहा. दोरी एकदा कापली की चार्जिंग सुरू झालं तरी बूट उपयोगाचा राहत नाही. पाय दुखत असेल, बधिर होत असेल तर मात्र बुटाचा विचार करू नका, कापा.

फुगलेला बूट कोरड्या जागी, कागद-कापड यांपासून दूर, शक्यतो फरशीवर किंवा घराबाहेर आडोशाला ठेवा. तो कचऱ्यात टाकू नका, ई-कचरा संकलनात द्या. कुरियरने पाठवायचा असेल तर आत खराब लिथियम बॅटरी आहे हे आधी सांगा. अशा बॅटऱ्या विमानाने पाठवायला किंवा सोबत न्यायला मनाई आहे.

दुरुस्त झाल्यावर

हाच जोड काही महिन्यांनी त्याच तक्रारीसह परत येतो, तेव्हा कारण बहुतेक वेळा साठवण असतं. रोज न वापरण्याचे बूट साधारण निम्मे चार्ज करून थंड, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरलेली बॅटरी उष्णतेत पडून राहिली तर लवकर म्हातारी होते, पूर्ण रिकामी राहिली तर मरते. दर दोन महिन्यांनी काढून पुन्हा निम्म्यापर्यंत चार्ज करा, लेस एकदा आवळून-सोडून बघा, म्हणजे दोरी आणि गिअरही मोकळे राहतील. लेस सैल असतानाच बूट ठेवा. आत तळव्यावर दाब देणारं काही कोंबू नका, नाहीतर सेन्सरला पाय आल्याचा भास होऊन बूट जागा राहतो आणि डब्यातल्या डब्यात बॅटरी उतरते.